जपान: कुयाकुशो, करपावत्या आणि फोडणीचा वास

चिंचोका | १४ जून २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे नुसता वाचनमात्र होतो. आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

ऑक्टोबर २०२२ मध्ये पुण्याहून टोकियोला आलो. इंजिनीयरचा व्हिसा, तीन वर्षांचा. एदोगावा वॉर्डात, निशी-कासाइला राहायचो. या वर्षी २० मार्चला जुनी नोकरी सोडली, १ एप्रिलला नवी धरली आणि एप्रिलमध्येच घर कावासाकीला हलवलं. बायकोला सातवा महिना चालू आहे. ज्या दिवसांत घरातलं कपाटसुद्धा हलवू नये त्या दिवसांत मी सगळंच हलवलं, हे आई रोज व्हिडिओ कॉलवर ऐकवते. इथे पुन्हा ऐकवू नका.

काल एकाच दिवशी दोन पाकिटं आली. पहिलं एदोगावा वॉर्डाचं. आत कराच्या चार पावत्या, एकूण ३,१२,००० येन. पहिला हप्ता ३० जूनला. मी आता एदोगावात राहत नाही! शिवाय जुन्या कंपनीने मार्चच्या शेवटच्या पगारातून हाच जूमिनझेइ, म्हणजे रहिवासी कर, एकदम मोठा कापला होता, पगारपत्रकात दिसतंय. मग हे काय? कुणीतरी पैसे उकळतंय का?

दुसरं पाकीट जुन्या घराच्या एजंटचं. सफाई ४५,०००, भिंतीचा कागद ९८,०००, कुलूप बदलणे २२,०००, वास घालवणे २१,०००. एकूण १,८६,०००. माझं शिकिकिन, म्हणजे डिपॉझिट, १,१८,०००. म्हणजे ते तर गेलंच, वर ६८,००० मीच द्यायचे. 'वास घालवणे' च्या पुढे कंसात जे लिहिलंय त्याचं भाषांतर फोनने 'मसाल्यांचा' असं दिलं. बायको तेव्हापासून बोलत नाहीये. माझ्याशी नाही, एजंटशी. पण परिणाम घरात सारखाच.

व्हिसा ऑक्टोबरात संपतोय. आई बाळंतपणाला ऑगस्टमध्ये येणार. आणखी काय काय राहिलंय तेही मला माहीत नाही, म्हणून सगळंच सांगा.

बोका_नंबर_२ | १४ जून, रात्री ११:५८

फोडणीवर कर बसवला! आता हिंगावर सेस.
(बाकी जाणकार येतीलच. मी वाचनखूण साठवतोय.)

सातारा_सायतामा | १५ जून, सकाळी ७:०५

उकळत नाहीयेत. कर खरा आहे.

जूमिनझेइचा हिशोब १ जानेवारीच्या पत्त्यावर चालतो. १ जानेवारी २०२५ ला तुम्ही एदोगावात होता ना? मग २०२४ च्या कमाईवरचा पूर्ण वर्षाचा कर एदोगावाचा. २ तारखेला होक्काइदोला गेला असतात तरी एदोगावाचाच. दर ढोबळमानाने १० टक्के, वर डोक्यामागे ५,००० येन.

मार्चमध्ये कापला तो २०२३ च्या कमाईवरचा. तो कर जून ते पुढचा मे असा बारा महिने पगारातून जातो. जानेवारी ते एप्रिल या काळात नोकरी सोडली की मे पर्यंतचे उरलेले हप्ते शेवटच्या पगारातून एकदम घेतात. म्हणजे मार्चमध्ये तुम्ही जुनं देणं फेडलंत, जूनमध्ये नवं सुरू झालं. नोकरी बदलली नसती तर हा बदल पगारपत्रकातल्या पगारपत्रकात होऊन गेला असता आणि तुम्हाला कळलाही नसता.

आता काय करायचं: पहिला हप्ता भरू नका. चारही पावत्या घेऊन उद्याच नव्या कंपनीच्या एचआरकडे जा आणि 'तोकुबेत्सु चोशू करून द्या' म्हणा. म्हणजे पगारातून कापायला लागा. जे हप्ते मुदत उलटून गेलेले नाहीत तेवढेच तसे वळवता येतात, म्हणून ३० जूनच्या आत. एचआरने हात वर केले तर मात्र ३० च्या आत कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, जाऊन भरून टाका. उशीर नको. पुढे कधी एइजू, म्हणजे कायमचा वास्तव्याचा परवाना मागायचा असेल तर कर भरला की नाही एवढंच बघत नाहीत, मुदतीत भरला का ते बघतात. माझा एक मित्र एका हप्त्याच्या अकरा दिवसांच्या उशिरापायी अडकलाय.

चिंचोका | १५ जून, सकाळी ८:३०

आई गं. पहिल्या वर्षी हा कर नव्हताच, मी समजत होतो कंपनी भरते!

सातारा_सायतामा | १५ जून, सकाळी ८:४२

सगळे तसंच समजतात. आदल्या १ जानेवारीला तुम्ही जपानमध्ये नव्हता, म्हणून पहिलं वर्ष मोकळं. नव्या जावयाचं पहिलं अधिकमास वाण.

जाताना ते वाण परत द्यावं लागतं. जानेवारीनंतर देश सोडलात तर मागच्या वर्षाचा कर डोक्यावर असतोच. मग जाण्याआधी भरून टाका, नाहीतर इथल्या कुणाला तरी 'नोझेइ कानरिनिन', म्हणजे तुमच्या वतीने कर भरणारा, म्हणून नेमा.

एक प्रश्न: २० मार्च ते १ एप्रिल या अकरा दिवसांत आरोग्य विमा कुणाचा होता?

चिंचोका | १५ जून, सकाळी ८:४५

...कुणाचा म्हणजे?

सातारा_सायतामा | १५ जून, सकाळी ९:२०

वाटलंच.

कंपनीचं नेन्किन, म्हणजे पेन्शन, महिन्यावर मोजतात. ३१ मार्चला कुठल्याच कंपनीत नव्हता, त्यामुळे मार्च महिना कंपनीच्या खात्यात धरलाच गेला नाही. त्या एका महिन्यासाठी तुम्ही सरकारी पेन्शनमध्ये, कोकुमिन नेन्किनमध्ये गेलात. बायको तुमच्यावर अवलंबून म्हणून नोंदलेली असेल तर तीही गेली. दोघांचे वेगवेगळे, माणशी १७,००० च्या आसपास. आरोग्य विम्याचंही तसंच, तो महिना कोकुमिन केंको होकेनचा, म्हणजे सरकारी विम्याचा. २० ऐवजी ३१ ला राजीनामा दिला असता तर यातलं काहीच झालं नसतं. पुढे नोकरी बदलणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवा.

विम्याचं एदोगावाच्या कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, कारण मार्चमध्ये तिथले रहिवासी. पेन्शनचं जवळच्या नेन्किन जिमुशोत. मागचं आहे म्हणून कुणी रागावत नाही. फॉर्म देतात.

निगुती | १५ जून, दुपारी १:१५

चिंचोका, मी योकोहामात तेवीस वर्षं आहे. दोन्ही मुलं इथलीच. तुमचा प्रश्न वाचताना मला आमची पहिली दोन वर्षं आठवली. तेव्हा हे सगळं कळायला ना धागे होते ना फोनमधलं भाषांतर.

कराबिराचं सायतामाकरांनी सांगितलंच आहे. मला सगळ्यात आधी बायकोचं विचारायचंय. तपासणीची कुपनं बदलून घेतलीत का? बोशी तेचो, म्हणजे आई-बाळाची नोंदवही, तीच चालते, ती सगळीकडे एकच. पण तिच्याबरोबर तपासणीच्या सवलतीच्या कुपनांचा जो गठ्ठा मिळतो तो त्या त्या पालिकेचा असतो. टोकियोची कुपनं कावासाकीत चालत नाहीत. राहिलेली घेऊन कावासाकीच्या वॉर्ड ऑफिसात जायचं, ते आपली देतात. नसतील बदलली तर गेल्या दोन महिन्यांतल्या तपासण्यांचे पूर्ण पैसे भरले असतील. त्यांच्या पावत्या टाकू नका, काउंटरवर विचारा.

इथे सगळं नीट चालतं, पण एक खिडकी दुसऱ्या खिडकीला काही सांगत नाही. निरोप्या आपणच. पत्ता बदलला हे वॉर्डाला सांगितलं म्हणजे बँकेला कळलं असं नाही. नोकरी बदलली हे कंपनीला माहीत आहे, पण इमिग्रेशनला? ते तुम्ही कळवायचं असतं. कळवलंत का?

बाळाचं सांगते. प्रसूतीसाठी विम्याकडून ५ लाख येन मिळतात. ते थेट हॉस्पिटलला जातील असा कागद आधी सही करून द्या, म्हणजे तुम्हाला वरचेच द्यावे लागतील. जन्मापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात जन्मनोंद. जन्मदिवस धरून चौदा! त्याच फेरीत बालभत्त्याचा अर्ज, तीन वर्षांपर्यंत महिना १५,०००. मग ३० दिवसांत इमिग्रेशनमध्ये बाळाच्या वास्तव्याचा अर्ज. इथे जन्मलं म्हणून जपानी होत नाही. आणि एक वर्षाच्या आत आपल्या दूतावासात जन्म नोंदवायचा, त्यानंतर पासपोर्ट. वर्ष उलटलं की दिल्लीपर्यंत पत्रापत्री. 'करू रे' म्हणत बसू नका.

शेवटचं, नाव. हसू नका. आमचं आडनाव क्षीरसागर. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, आडनाव. ते सगळं काताकानात, म्हणजे परदेशी शब्दांच्या जपानी लिपीत, उतरवलं की बँकेच्या फॉर्मवरच्या चौकोनांत बसत नाही. एका कार्डावर शेवटची तीन अक्षरं नाहीत, दुसऱ्यावर सासऱ्यांचं नाव हेच आडनाव झालंय. दवाखान्यात 'कुशीरुसागारु-सामा' अशी हाक येते आणि अख्खी रांग वळून बघते की आता कोण उठतंय. बाळाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये घालायचं की नाही हे आधी ठरवा आणि जन्मनोंदीपासून सगळीकडे तेच, त्याच क्रमाने लिहा. आजी-आजोबांशी भांडण बाळ यायच्या आधी उरकून घ्या.

चिंचोका | १५ जून, दुपारी १:५०

निगुतीताई, तुम्ही माझ्या घरात कॅमेरा लावलाय का? कुपनं बदललेली नाहीत. इमिग्रेशनला कळवलेलं नाही. मला वाटलं नवी कंपनी कळवते.

वॉर्ड बदलल्याची नोंद तेवढी केली होती. एदोगावातून तेन्शुत्सु (बाहेर), कावासाकीत तेन्न्यू (आत), बाराव्या दिवशी. झाइर्यू कार्डाच्या, म्हणजे वास्तव्याच्या ओळखपत्राच्या, मागे नवा पत्ता छापून घेतला. एवढा एकच अभिमानाचा क्षण आहे तर तो मिरवू द्या.

फाटकी_छत्री | १५ जून, दुपारी ४:१०

चौदा दिवसांत पत्ता, चौदा दिवसांत नोकरी, चौदा दिवसांत बाळ. या देशाचं पंधराव्या दिवसाशी काय वैर आहे?

आणि लोक म्हणतात जपान डिजिटल आहे. गेल्याच वर्षी एका काउंटरवर मला फॅक्स नंबर विचारला.

सातारा_सायतामा | १५ जून, संध्याकाळी ६:३०

नोकरी बदलल्याची सूचना आजच ऑनलाइन भरा. जुनी सोडली आणि नवी धरली, दोन्ही. १४ दिवसांची मुदत गेलीय, कायद्यात २ लाखांपर्यंत दंड लिहिलाय, पण उशिरा दिलेली सूचना घेतात. न देता नूतनीकरणाला गेलात तर मात्र पाच वर्षांऐवजी एकाच वर्षाचा व्हिसा हातात पडायला एक कारण तुम्हीच दिलंत.

नूतनीकरणाचा अर्ज संपण्याच्या तीन महिने आधीपासून करता येतो. म्हणजे जुलैत. कराचे दाखले, काझेइ शोमेइशो आणि नोझेइ शोमेइशो, कुठून आणायचे? बरोबर, एदोगावातून. १ जानेवारी! ऑक्टोबरपर्यंत निकाल आला नाही तरी घाबरू नका. मुदतीत अर्ज केलेला असला की जुन्या मुदतीनंतर आणखी दोन महिने, किंवा निकाल येईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर राहता येतं. शुल्क एप्रिल २०२५ मध्ये काउंटरवर ६,०००, ऑनलाइन ५,५०० झालं.

नवं कार्ड हातात आलं की थेट वॉर्ड ऑफिसात माय नंबर कार्ड (इथलं सरकारी ओळखपत्र) घेऊन जा. आपल्या माय नंबर कार्डाची मुदत व्हिसाच्या तारखेलाच संपते. वाढवून घेतली नाही तर कार्ड मेलं. आता आरोग्य विमा त्याच कार्डावर आहे, म्हणजे नेमकं बाळाच्या धावपळीत दवाखान्याच्या काउंटरवर ते यंत्र लाल दिवा दाखवणार. बँकेलाही नव्या कार्डाचा फोटो पाठवा. माझं खातं एकदा त्यापायी गोठलं होतं, दिवाळीच्या दिवशी, लाडू-चिवड्याच्या दुकानात उभा असताना.

कोळंबीभात | १५ जून, रात्री ९:४५

घराबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी लिहिते. मी इथे घरभाड्याच्या एका लहानशा एजन्सीत सहा वर्षं आहे, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. तुमच्या एजंटचा कागद मी डोळे मिटून ओळखला. परदेशी भाडेकरूला आधी पूर्ण आकडा लावून पाठवायचा. दहातले काही जण काही न बोलता भरतात.

नियम असा आहे. घर सोडताना 'गेन्जो काइफुकु' म्हणजे पूर्ववत करून देणं. पण पूर्ववत म्हणजे नव्यासारखं नाही. रोजच्या राहण्याने जी झीज होते ती मालकाची. बांधकाम मंत्रालयाची याबद्दल मार्गदर्शिका आहे, १९९८ ची, २०११ मध्ये सुधारलेली. आणि २०२० च्या एप्रिलपासून हे नागरी कायद्यातच आलंय, कलम ६२१. फोनवर 'गाइदोराइन' एवढा शब्द उच्चारलात तरी समोरच्याचा सूर बदलतो.

एकेक घेऊ. कुलूप बदलायचं ते पुढच्या भाडेकरूसाठी. मालकाने द्यायचं, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. सफाईचे ४५,००० करारात आकड्यासकट असतील तर द्यावे लागतील, बघून घ्या.

भिंतीचा कागद. मार्गदर्शिकेप्रमाणे त्याचं आयुष्य ६ वर्षं. सहा वर्षांनी किंमत १ येन. तुम्ही ३० महिने राहिलात. कागद तुम्ही आलात तेव्हा नवा होता असं धरलं तरी उरलेली किंमत बारातले सात भाग. आणि तीही जिथे तुमच्याकडून डाग पडला त्या भिंतीचीच. ९८,००० म्हणजे त्यांनी अख्खं घर धरलंय. डाग कुठे आहे? खरं सांगा.

चिंचोका | १५ जून, रात्री १०:०५

शेगडीच्या मागची भिंत. फोडणीचं तेल आणि हळद. बायकोने घर सोडायच्या आदल्या रात्री अडीच तास घासली. पिवळेपणा गेला नाही. एक ओघळ होता, वरपासून खालपर्यंत, तो मी पुसायच्या नादात पसरवला.

कोळंबीभात | १५ जून, रात्री १०:४०

मग ती भिंत तुमच्याकडे. तेलाचा थर वेळच्या वेळी न पुसल्याने राहिला तर भाडेकरूची चूक धरतात. खोटं बोलू नका, फक्त तेवढीच भिंत माना. साधारण १४ चौरस मीटर, दर १,५०० धरला तर २१,०००. त्याचे सात बारांश, १२,२५०.

आणि एक प्रश्न लेखी विचारा: हा कागद नक्की कोणत्या महिन्यात लावला? बहुतेक वेळा तो आधीच्या भाडेकरूच्या काळातला असतो.

वासाचं मात्र कठीण आहे. सिगारेट आणि मांजर यांचा वास भाडेकरूवर टाकतात, स्वयंपाकाचा वाद होऊ शकतो. काही रक्कम द्यायची तयारी ठेवा.

ऐकत नसतील तर १८८ हा ग्राहक मदतीचा क्रमांक. होतेरासुकडे, म्हणजे कायदा साहाय्य केंद्राकडे, दुभाष्यासकट माहिती मिळते. नेपाळी आहे, हिंदी-मराठी नाही, इंग्रजीवर भागवायचं. आणि अगदीच ताणलं तर ६ लाख येनपर्यंतच्या दाव्यांसाठी लहान दाव्यांची सुनावणी असते, एका दिवसात. तिथवर जावं लागत नाही. नाव काढलं की पुरतं.

मी वकील नाही. आणि हा आयडी माझ्या साहेबांना सांगू नका.

बोका_नंबर_२ | १५ जून, रात्री १०:५२

साहेब कोळंबी खातात का त्यावर अवलंबून.

पंचवीस_पैसे | १७ जून, सकाळी ८:००

अवांतर आहे, पण इथे जाणकार जमलेत म्हणून विचारतो. नाशिकचा फ्लॅट विकायचाय, भावाच्या नावे मुखत्यारपत्र करायचंय. मी टोकियोत. भारतात जाणं या वर्षी शक्य नाही. अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) की दूतावास?

सातारा_सायतामा | १७ जून, सकाळी ८:५०

दोन्ही वाटा आहेत. कुदान्शिताला आपल्या दूतावासात त्यांच्यासमोर सही करून साक्षांकन, किंवा इथल्या नोटरीकडे. टोकियोतल्या नोटरीकडे अपोस्टिल त्याच खिडकीत लागून मिळतं, दोन्ही देश त्या करारात आहेत. पण भावाला आधी सब-रजिस्ट्रारकडे पाठवा आणि तिथला माणूस काय घेतो ते विचारा. कायदा एक आणि तिथल्या टेबलाची सवय दुसरी.

आणि मूळ कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावून घ्यायचा. माझ्या मेहुण्याने तो देव्हाऱ्यात ठेवला होता, शुभमुहूर्ताची वाट बघत. चौथ्या महिन्यात मुहूर्त निघाला.

निगुती | १७ जून, दुपारी १२:३०

चिंचोका, आईंचं राहिलं होतं. त्या ९० दिवसांसाठी येणार ना? रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या असतील तर डॉक्टरी औषध एका महिन्याचंच आणता येतं. तीन महिन्यांचं आणायचं तर आधी 'युन्यू काकुनिनशो', म्हणजे औषध आणायच्या परवानगीचं पत्र, काढा, ऑनलाइन होतं. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि रोजचा डोस स्पष्ट हवा. त्यांच्या सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट उलटून वाचा, स्युडोएफेड्रीन १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ते इथे चालतच नाही, भले पुण्यात ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असेल. प्रवासाचा विमा चांगला घ्या. पाहुण्यांना इथला आरोग्य विमा नाही.

ताजी फळं, पालेभाजी, कढीपत्ता नको. प्रमाणपत्राशिवाय विमानतळावरच काढून घेतात. सुक्या मटणाचा किंवा चिकनचा कुठलाही प्रकार तर बिलकूल नको. डिंक आणि आळीव लाडू करूनच आणायला सांगा. माझ्या आईने तसेच आणले होते.

नवखा_नागोया | २० जून, रात्री ११:१५

काल रात्री पोलिसांनी सायकल थांबवली. सायकल मित्राकडून घेतलेली, तो भारतात परत गेला. नोंदणीचा स्टिकर त्याच्या नावाचा. चाळीस मिनिटं कोबानमध्ये, म्हणजे पोलीस चौकीत. शेवटी त्याला पुण्यात फोन लावला, तिथे रात्रीचे आठ, तो मिसळ खात होता. तो जपानीत 'होय, दिली' म्हणाला तेव्हा सोडलं. आता काय करू?

कोळंबीभात | २० जून, रात्री ११:३०

त्याच्याकडून सायकल दिल्याचा सहीचा कागद घ्या, स्कॅन चालतो का ते दुकानात विचारा, आणि स्वतःच्या नावे नवी नोंदणी. झाइर्यू कार्ड खिशात होतं ना? ते नसतं तर खरी रात्र तिथेच गेली असती. सायकल चालवताना हातात फोन धरू नका, गेल्या नोव्हेंबरपासून ते प्रकरण फार कडक झालंय.

चिंचोका | २८ जून, रात्री १०:००

थोडं कळवतो. एचआरच्या बाईंनी चारही पावत्या घेतल्या, म्हणाल्या, तुम्ही या महिन्यातले पाचवे. कर आता पगारातून. इमिग्रेशनची सूचना ऑनलाइन गेली. कुपनं बदलली, आणि आधीच्या दोन तपासण्यांच्या पावत्यांवर काय करायचं त्याचा फॉर्मही मिळाला. मार्चच्या नेन्किनची दोन पाकिटं येणार आहेत, एक माझं, एक बायकोचं. ती म्हणते, अकरा दिवसांसाठी एवढं? मी सायतामाकरांकडे बोट दाखवलं.

एजंटला पत्र गेलंय. कोळंबीभातताईंनी व्यनिमध्ये (खासगी निरोपात) मसुदा तपासून दिला. त्यांचे आभार इथे मोठ्याने मानत नाही, साहेब वाचत असतील.

निगुती | २९ जून, सकाळी ९:००

छान. आता जरा त्या बिचारीला घेऊन समुद्रावर फिरून या. फॉर्म कुठे पळत नाहीत.

चिंचोका | १२ ऑक्टोबर २०२५, दुपारी ३:२०

उशीर झाला, पण धागा अर्धवट सोडणाऱ्यांचा मलाही राग येतो.

२८ ऑगस्टला मुलगी झाली. दोघी छान. जन्मनोंद तेराव्या दिवशी केली. निगुतीताई, चौदावा उगवू दिला नाही. नावावरून आजी-आजोबांशी जी चकमक व्हायची ती जुलैतच झाली. त्यांना मृण्मयी हवं होतं. मी काताकानात लिहून दाखवलं, वाचूनही दाखवलं. बाबा म्हणाले, हे कुठल्या तरी औषधाचं नाव वाटतंय. ईरा ठेवलं. दोन अक्षरं, काताकानातही दोनच. वडिलांचं नाव मध्ये घातलेलं नाही, त्यावरून बाबा अजून थोडे रुसलेत.

व्हिसा जुलैच्या मध्यात टाकला, सप्टेंबरात तीन वर्षांचा मिळाला. पाच नाही. त्याच दिवशी माय नंबर कार्ड वाढवून घेतलं. तिचंही झाइर्यू कार्ड आलं. फोटो नाही, तान्ह्या बाळांच्या कार्डावर नसतो, तिथे नुसतीच रिकामी जागा आहे.

घराचं: एजंटने आधी तीन आठवडे उत्तर दिलं नाही. १८८ वर बोलून दुसरं पत्र टाकलं, त्यात कागद कधी लावला हा प्रश्न परत विचारला. उत्तर आलं, एप्रिल २०२०. आधीच्या भाडेकरूच्या वेळचा! म्हणजे मी सोडला तेव्हा ६० महिने झालेले. २१,००० चा सहावा हिस्सा, ३,५००. कुलूप काढून टाकलं. सफाईचे ४५,००० करारात होते, दिले. वासावर मात्र ते अडून बसले, शेवटी निम्म्यावर तोडलं, १०,५००. एकूण ५९,००० गेले आणि ५९,००० परत आले. बायको म्हणते, उरलेला अर्धा वास मालकाने फुकट घेतला.

नवखा_नागोया | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००

अभिनंदन! माझी सायकल आता माझ्या नावावर आहे. लायसन्स बदलण्याचं मात्र राहिलं. या महिन्यापासून लेखी परीक्षेत १० ऐवजी ५० प्रश्न झाले, ४५ बरोबर यावे लागतात. आणि भारतात लायसन्स काढल्यावर तीन महिने तिथेच होतो हे दाखवायला जुना पासपोर्ट हवा. तो साताऱ्यात आहे, आजीच्या ट्रंकेत. वेगळा धागा काढतो.

ते आळिवाचे लाडू विमानतळावर अडवले का? माझी आई जानेवारीत येतेय.

चिंचोका | १२ ऑक्टोबर, रात्री ९:१०

लाडू, डिंक, मेथ्या सगळं सुटलं. गोळ्यांचं पत्र आईने तिथल्या माणसाला तीनदा दाखवलं, तो एकदाच बघून नको म्हणाला होता तरी. कढीपत्ता मात्र गेला. साडीच्या घडीत ठेवला होता, मला न सांगता.